बार्शी लाईट : नावात 'लाईट' म्हणून खेळण्यातली गाडी का?

शेंगापोळी

परवा भाच्याच्या साखरपुड्याला बार्शीला गेलतो. जेवणं आटपली, मांडवात कूलरपुढं पाच-सहा बुजुर्ग मंडळी पान जमवत बसलेली, कुणीतरी कुर्डुवाडीचा विषय काढला आणि बोलता बोलता बार्शी लाईटचा, म्हणजे आपल्या जुन्या छोट्या रेल्वेचा, विषय निघाला. त्यातले एक टोपीवाले आजोबा एकदम ठासून म्हणाले, "हॅ, ती कसली रेल्वे! खेळण्यातली गाडी. नावातच लाईट. इंग्रजांनी वारकऱ्यांच्या सोयीला सोडली होती, दुसरं काय." बाकीच्यांनी माना डोलवल्या. मी नवऱ्या मुलाचा मामा, पहिल्याच दिवशी सोयऱ्यांशी वाद घातला तर बहीण घरात घेणार नाही, म्हणून सुपारी चघळत गप बसलो. पण ते पोटात राहिलंय, म्हणून हा धागा.

तर पहिली गोष्ट, वारकरी नंतर. आधी कापूस. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं मुंबईहून मद्रासकडं जाणारी मोठी लाईन टाकली, १८६० ला गाडी सोलापूरला आली, पण बार्शी २१ मैल बाजूला राहिली. आणि बार्शी तेव्हा कापसाची तोलामोलाची पेठ, निजामाच्या मुलखातला माल सुद्धा इथंच यायचा. तो सगळा बैलगाड्यांत घालून स्टेशनला न्यायचा. आज ज्याला आपण कुर्डुवाडी म्हणतो त्या स्टेशनचं नावच तेव्हा 'बार्शी रोड' होतं, म्हणजे बार्शी इथं नाही, इथं उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा.

हे हेरलं एव्हरर्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनियरनं, जो जीआयपीतच नोकरीला होता. १८८७ पासून तो सरकारच्या मागं लागला की ही २१ मैलांची छोटी लाईन टाकू द्या, आणि परवानगी मिळेपर्यंत १८९५ उजाडलं. आठ वर्षं! (आपल्याकडचं फायलीचं दुखणं आजचं नाही.) मग लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी निघाली आणि १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट.

आता 'लाईट'चं बघू. हलके काय होते तर रूळ. यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मोठ्या लाईनवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात, चौपट. रूळ हलका तर लाईन स्वस्त, पण मग त्यावर वजन किती टाकणार? इथं त्या गड्याचं डोकं चाललं. त्यानं ठरवलं की इंजिन असो, डबा असो नाहीतर वाघीण (मालडबा) असो, कुठल्याच आसावर (चाकांची जोडी जोडणारा दांडा) ५ टनाच्या वर भार जाणार नाही. मग इंजिनाचं वजन वाटायला आसच जास्त द्यायचे. लीड्सच्या किटसन कंपनीकडून इंजिनं घेतली ती ०-८-४ जातीची, म्हणजे आठ चाकं ओढणारी आणि मागची चार नुसती भार पेलणारी. वाघिणी पण चार चार आसांच्या, म्हणजे मालासकट २० टनापर्यंत गेली तरी रुळाला त्याचं काही नाही. तोवर छोट्या लाईनींवर काय व्हायचं तर इंजिन जड आणि वाघिणी चिल्लर, म्हणजे रूळ टाकायचा इंजिनाच्या मापाचा आणि माल न्यायचा मूठभर. उसाच्या ट्रॉलीला चारऐवजी आठ टायर का लावतात हे ज्याला कळतं त्याला कॅल्थ्रॉप कळला.

आणि इथं आणायच्या आधी १८९७ लाच लीड्सजवळ न्यूले नावाच्या जागी मुद्दाम रूळ टाकून हे इंजिन-डबे चालवून बघितले, इतर रेल्वेवाल्यांना दाखवले. जगभरच्या छोट्या लाईनवाल्यांनी बार्शीकडं बघून धडे घेतले आणि आमचे आजोबा म्हणतात खेळणं.

ज्यांनी ही गाडी बघितली आहे, बसले आहेत, त्यांनी लिहा. मी स्वतः फक्त एकदा बसलोय, तेही आईच्या मांडीवर.

चादरवाला

का बे मामा, भाचा बोहल्यावर चढायच्या आधी तुम्हीच रुळावर चढलालाव की. मस्त लिहिलंय पण. मला वाटायचं लाईट म्हणजे डब्यात दिवे होते म्हणून.

वर्कशॉप कॉलनी

माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळं माझं सगळं लहानपण त्या भोंग्यावर गेलंय. भोंगा झाला की आई भाकरी तव्यावर टाकायची, घड्याळ घरात होतं पण त्याच्याकडं कुणी बघायचं नाही.

शेंगापोळी, तुम्ही आसाचं लिहिलंत ते अगदी बरोबर पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच त्या लाईनचं खरं दुखणं होती. छोट्या लाईनची वाघीण मोठ्या लाईनवर जाऊ शकत नाही. म्हणजे लातूरहून, बार्शीहून आलेलं प्रत्येक पोतं कुर्डुवाडीला उतरवायचं आणि मोठ्या वाघिणीत चढवायचं. मी बघितलंय ते. हमाल पोत्याला आकडा मारायचा, एका झटक्यात पाठीवर घ्यायचा, डोक्यावरून पाठीवर गोणपाटाची खोळ घेतलेली असायची, फळीवरून तिरकं पळत जायचा, कारण फळीवर थांबलं की ती वाकते, पळालं की वाकत नाही. आम्ही पोरं ती फळी रिकामी झाली की त्याच्यावर उड्या मारायचो आणि मुकादमाच्या शिव्या खायचो. तूर, हरभरा, सरकी काय असेल ते थोडं थोडं खाली सांडायचं आणि ते गोळा करणाऱ्या बायका ठरलेल्या होत्या, दुसरीला तिथं वाकू द्यायच्या नाहीत.

गंमत म्हणजे या कॅल्थ्रॉपनंच पुढं इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाईन केली, १९०४ ला सुरू झाली. तिथं त्यानं मोठ्या लाईनची अख्खी वाघीण छोट्या लाईनच्या गाड्यावर चढवून न्यायची सोय केली, पोतं उतरवायची भानगडच नाही. इथं ते केलं नाही. इथं हमाल होते ना.

मिरजेचा तंबोरा

@वर्कशॉप कॉलनी, शेवटचं वाक्य लागलं.

त्या मॅनिफोल्डच्या इंजिनांना म्हणे भला मोठा हेडलाईट लावलेला होता, आपल्याकडं असतो तसा. गावाकडची आठेक मैलांची लाईन, तिला काय करायचाय एवढा दिवा. पण बार्शीच्या इंजिनांच्या धर्तीवर बनवली म्हणून दिव्यासकट आली. ती लाईन १९३४ ला बंद पडली पण. आमची त्यानंतर सत्तर वर्षं चालली.

बार्शी टाऊन

मी मूळचा बार्शीचा, सध्या सोलापुरात जुळे सोलापूरला. धागा वाचून बरं वाटलं पण वारकऱ्यांना तुम्ही फारच बाजूला सारलंत मामा. मान्य आहे सुरुवात कापसानं झाली, पण १९०६ ला पंढरपूरपर्यंत फाटा गेला त्यानंतर ही लाईन विठोबाचीच झाली. कुर्डुवाडी ते पंढरपूर ५२ किलोमीटर, मोडनिंब, आष्टी करत. त्याआधी मुंबई-पुण्याकडनं रेल्वेनं येणारा माणूस बार्शी रोडला उतरून पुढं बैलगाडीनं नाहीतर पायी जायचा.

आणि आमच्याकडं एकादशी पंढरपूरला आणि बारस बार्शीला अशी रीत आहे. भगवंताचं देऊळ, अंबरीष राजाची गोष्ट, द्वादशीचं पारणं. तर माझी आजी सांगायची की आषाढी झाली की रात्री पंढरपूरहून निघालेली गाडी म्हणजे गाडी दिसायचीच नाही, नुसती माणसं दिसायची. टपावर, दोन डब्यांच्या मधल्या सांध्यावर, पायरीवर. प्रवाशांचे डबे पुरायचे नाहीत म्हणून मालाच्या वाघिणीत माणसं भरायचे, उभं राहायचं, टाळ गळ्यात. आजीला त्यात काही वाईट वाटायचं नाही, "उभ्यानं भजन बरं होतं" म्हणायची. मला मात्र आता वाचताना वाटतं की कंपनीला माणसात आणि कापसाच्या गाठीत फार फरक वाटत नसावा, दोन्ही वजनावर मोजायचं.

शेंगापोळी

@बार्शी टाऊन, चूक कबूल. आजोबांच्या रागात वारकऱ्यांवर अन्याय झाला, पांडुरंग माफ करो.

मग वाढ कशी झाली तेही टाकतो. १८९७ बार्शी. १९०६-०७ च्या सुमारास एका बाजूला पंढरपूर आणि दुसऱ्या बाजूला कसबे तडवळे. १९११ लातूर. आणि १९२७ ला पंढरपूरहून सांगोला, कवठेमहांकाळ करत थेट मिरज. एकूण २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर. २१ मैलांची म्हणून काढलेली लाईन तीस वर्षांत दसपट. खेळणं असतं तर वाढलं असतं का?

योगायोग असा की मिरज जोडली गेली त्याच वर्षी, १९२७ ला, कॅल्थ्रॉप वारला. मधल्या काळात त्यानं रेल्वे सोडून पॅराशूटचा नाद धरला होता, 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्याचंच, पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. शिवाय अरबी घोडे पाळायचा. म्हणजे जमीन, आकाश आणि तबेला.

तडवळेकर

आमच्या गावचं नाव आलं म्हणून लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो.

एक लक्षात घ्या की बार्शीच्या पुढं ही लाईन दुसऱ्या राज्यात शिरायची. येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर हे सगळं निजामाचं. बार्शी इंग्रजांची. गाडी तीच, रूळ तेच, पण कायदा वेगळा, पोलीस वेगळे, रुपया सुद्धा वेगळा, आमच्याकडं हाली शिक्का चालायचा. आणि मिरजेकडच्या टोकाला परत संस्थानिकांचा मुलूख, जतवाल्यांसाठी जत रोड नावाचं स्टेशन आहेच. एवढ्याशा गाडीनं एवढी राज्यं शिवलेली दुसरी लाईन आपल्या बाजूला नाही.

आमच्या गावाला फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषद भरली होती, बाबासाहेब आंबेडकर आले होते. गावात आजही त्याची आठवण जपतात. एवढ्या आडबाजूच्या गावाला एवढी मोठी परिषद का भरली असं बाहेरची माणसं विचारतात तेव्हा आमचे आजोबा एका शब्दात उत्तर द्यायचे, "ठेसन".

आणि रामलिंगाचा घाट कुणीच कसा काढला नाही अजून? बार्शी सोडली, पांगरी गेली की येडशीच्या अलीकडं बालाघाटाचा चढ लागतो. पावसाळ्यात तिथं सगळं हिरवंगार, माकडं, मोर. गाडी धापा टाकत चढायची. पोरं उतरून शेजारनं चालायची आणि पुढच्या डब्यात चढायची.

चादरवाला

आलं! मी वाटच बघूलालतो. चालत्या गाडीतनं उतरून बोरं तोडून परत चढले ही गोष्ट कुठल्याही नॅरोगेजचा धागा काढा, येतेच.

तडवळेकर

बोरं नाही म्हणालो मी. चाललो म्हणालो. आणि सीताफळं होती ती, बोरं नव्हती.

वर्कशॉप कॉलनी

😂 चादरवाला, सगळ्या थापा नाहीत त्या. डिझेल इंजिनं आल्यावर सुद्धा चढाला गाडी माणसाच्या चालीवर यायची, मी स्वतः अनुभवलंय. मात्र उतरणं सोपं, चढणं अवघड, कारण पायरी जमिनीपासून बऱ्यापैकी वर आणि खाली खडी. माझ्या चुलतभावाची चप्पल तिथं राहिली आहे. पुढं येडशीपर्यंत एका पायात चप्पल घालून बसला होता, काढून टाक म्हटलं तर म्हणतो दुसरी सापडली तर.

लातूरकन्या

लातूरकरांच्या बाजूनं जरा वेगळं लिहिते. तुम्हा सगळ्यांना ती गाडी गोड वाटते कारण तुम्ही ती हौसेनं आठवता. आम्हाला मुंबईला जायचं म्हणजे ती शिक्षा होती. लातूरहून बसायचं, बाकावर आंबून जायचं, कुर्डुवाडीला बोचकी घेऊन उतरायचं, मोठ्या लाईनच्या फलाटावर जायचं आणि सोलापूरकडून येणाऱ्या गाडीत जनरलच्या डब्यात घुसायचं, जी आधीच भरून आलेली. माझ्या वडिलांना उपचारासाठी असं तीनदा नेलंय आईनं. एवढी मोठी बाजारपेठ, शिक्षणाचं नाव, आणि २००७ पर्यंत अडीच फुटावर. १९५४ ला सरकारनं कंपनीकडून लाईन विकत घेतली, म्हणजे स्वतःची झाल्यावर सुद्धा पन्नासेक वर्षं रूळ तेच ठेवले की. कॅल्थ्रॉप हुशार असेल हो, पण त्याची हुशारी आम्ही फार वर्षं भोगली.

शेंगापोळी

@लातूरकन्या, पटलं. याला उत्तर नाही माझ्याकडं.

रुंदीकरणाचा हिशोब एवढाच जोडतो की कुर्डुवाडी-पंढरपूर आधी झालं, २००१-०२ ला. मग २००७ ला लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ ला उस्मानाबाद ते कुर्डुवाडी, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत पंढरपूर-मिरज. यात एक मोठा बदल झाला. जुनी छोटी लाईन उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव शहर टाळून येडशीवरून सरळ जायची, जिल्ह्याच्या गावाला रेल्वेच नव्हती. मोठी लाईन टाकताना ती वळवून धाराशिवला नेली. त्यामुळं आज लातूर गाडीत बसलेला माणूस म्हणतो ही एवढा वळसा का घालते. १८६० ला बार्शी बाजूला राहिली तसं यावेळी धाराशिवला राहू दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सांगोल्याचं डाळिंब

आमच्या बाजूचं पण ऐका. सांगोला म्हणजे दुष्काळी तालुका, छोट्या लाईनच्या वेळी स्टेशनवर शेळ्या बसलेल्या असायच्या. पुढं तिथूनच किसान रेल निघाली, डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सांगोला ते पश्चिम बंगालमधलं शालिमार अशी सोडली. मी स्वतः डाळिंबाचे क्रेट भरायला उभा होतो एका खेपेला, थंडीतली पहाट, हात चिकटूलालते. कुर्डुवाडीच्या हमालांचं वाचून मनात आलं, आमचा क्रेट मध्ये कुठंच उतरवायचा नव्हता, थेट बंगालात.

मिरजेचा तंबोरा

मग माझं ऐका आता. एप्रिल २०१६. लातूरला पाण्याचा असा ठणठणाट की टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावलेली. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे सुटली. पहिली गाडी १० टँकरची, ५ लाख लिटर, १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. नंतर ५० टँकरच्या गेल्या, खेपेला २५ लाख लिटर. आमच्या इथं यार्डात बघायला गर्दी, माझी आई नारळ घेऊन आलेली.

आता नकाशा डोळ्यापुढं आणा. मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. धाराशिवचा वळसा सोडला तर ही बार्शी लाईट आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका टँकरमध्ये ५० हजार लिटर म्हणजे ५० टन नुसतं पाणी. चार आस धरले तरी आसावर पाण्याचेच साडेबारा टन, टाकीचं वजन वेगळं. कॅल्थ्रॉपची मर्यादा ५ टन. त्याच्या रुळावरून हे जाणं शक्यच नव्हतं, रुंदीकरण झालं नसतं तर २०१६ ला लातूरचं काय झालं असतं बघा.

लातूरकन्या

मी त्या वेळी लातूरला होते. नळाला आठवड्या-पंधरवड्यानं पाणी, घरातली सगळी भांडी, पातेली, कळश्या, अगदी लोणच्याच्या बरण्या सुद्धा भरून ठेवलेल्या. आई म्हणाली होती, "मिरजेचं पाणी आलंय, गाडी न बदलता आलंय."

वर्कशॉप कॉलनी

☝️ हे कुर्डुवाडीच्या माणसालाच कळणार.

जाता जाता, वर्कशॉप बंद पडलं असं कुणाला वाटत असेल तर नाही. छोटी लाईन गेली तरी तिथं काम चालू राहिलं, माथेरानच्या गाडीचे डबे सुद्धा आमच्या कुर्डुवाडीत होतात. ती तर दोन फुटी, आपल्यापेक्षाही अर्ध्या फुटानं कमी. खेळण्यातली म्हणायचंच तर तिला म्हणा.

बार्शी टाऊन

मामा, एक विचारायचं राहिलं. साखरपुडा गेल्या रविवारी होता का? आणि टोपीवाले आजोबा डाव्या कानाला हात लावून ऐकतात का?

शेंगापोळी

होय. का ओ?

बार्शी टाऊन

ते माझे सासरे. नवरी मुलगी माझ्या मेहुण्याची. मी त्या दिवशी वाढपात होतो, तुम्हाला दुसऱ्यांदा जिलबी मीच वाढली.

चादरवाला

गेलं बे सगळं! मामा, धागा उडवा पटकन.

शेंगापोळी

अगागागा. जावईबापू, आजोबांना काही बोललो असेन तर पदरात घ्या. ते व्हॉट्सॲप वापरतात का हो?

बार्शी टाऊन

वापरतात, आणि धागा मीच मोठ्यानं वाचून दाखवला काल रात्री. ५ टनाचा हिशोब दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ गप. शेवटी म्हणाले, "कापसाचं बरोबर आहे त्यांचं, आमच्या आजोबांच्या गाड्या चालायच्या बार्शी रोडला, रेल्वे आली आणि बैलं विकावी लागली. तेव्हापासून आमच्या घरात तिला खेळणंच म्हणतात."

लग्नाला तुम्हाला त्यांच्या शेजारी बसवायला सांगितलंय. वऱ्हाड वैरागवरून एसटीनं आणणार की कुर्डुवाडी मार्गे, ते तेवढं कळवा.